कानाची नोकरी

बाबा : "बहिरोबा, आज तरी देणार का किल्ली?" असं उमटलंय बघ या फोनवर. ठिणगे, आत्ता गेला तो माणूस असं म्हणाला?

ठिणगी : छे हो बाबा. "काका, आज मिळेल का किल्ली" म्हणाला. मी सांगितलं ना तुम्हाला.

बाबा : पण इथं बहिरोबा आलंय.

ठिणगी : त्या फोनला काय कळतंय? मघाशी रस्त्यावर कुत्रं भुंकलं, तर त्यानं "हो हो" लिहिलं.

कंपनीवाली : हे मात्र खरं आहे काका. कुत्र्यांचं आम्हाला अजून जमलेलं नाही.

बाबा : हा हा! कुत्र्यांचं जमलेलं नाही! मॅडम, एक विचारू का? तुम्ही बोललात, ते इथं उमटलं, आणि मी हसलो. वेळेवर हसलो ना? मागाहून नाही ना?

कंपनीवाली : अगदी वेळेवर.

बाबा : बघ ठिणगे, वेळेवर. बरं, तो हिरव्या दोऱ्याचा जुडगा दे इकडे. कपाटवाल्या बाई येतील इतक्यात. हा फोन मी माझ्यासमोर मशीनला टेकवून ठेवतो, हाताला सवय व्हायला हवी. तुम्ही दोघी बसा, गप्पा मारा. आणि मॅडम, ही चिडली तर मनावर घेऊ नका. किल्ली घासताना उडतात ना, तशी आहे. उडते जोरात, पण विझते लगेच.

ठिणगी : मशीन लावा बाबा.

कंपनीवाली : तो माणूस बहिरोबाच म्हणाला. मी इथंच उभी होते.

ठिणगी : हळू बोला.

कंपनीवाली : त्यांची पाठ आहे आपल्याकडे. आणि मशीन किंचाळतंय तोवर फोनला काही ऐकू जात नाही. तोच तर आमचा मोठा प्रश्न आहे.

ठिणगी : पाठ असली काय न् तोंड असलं काय, माझे ओठ सोडून त्यांना कुणाचेच वाचता येत नाहीत. सवयीनं म्हटलं, हळू बोला.

कंपनीवाली : सकाळपासून बघतेय मी. त्या छत्रीवाल्या बाई केवढ्या करवादल्या, "मागची किल्ली अडकते, पैसे पाण्यात गेले." आणि तू काकांना काय सांगितलंस? "किल्ली झकास आहे, फक्त जरा गुळगुळीत करून द्या."

ठिणगी : दिली ना करून? बाई खूष, बाबा खूष. तुमचं काय गेलं?

कंपनीवाली : आणि तो टोपीवाला? त्यानं तर तोंडच उघडलं नाही. किल्ली घेतली आणि चालता झाला. तू म्हणालीस, "साहेब म्हणाले, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

ठिणगी : मनात म्हणाला असेल.

कंपनीवाली : तो रोज येतो?

ठिणगी : आठवड्यातून एकदा तरी. सारखा किल्ल्या हरवतो. आणि दर वेळी मनात काहीतरी छानच म्हणतो.

कंपनीवाली : हसू नकोस. मला खरंच कळत नाहीये.

ठिणगी : त्यात न कळण्यासारखं काय आहे? माणसाला दिवसातनं एक-दोन गोड शब्द लागतात. गोळ्या असतात ना सकाळ-संध्याकाळच्या, तसे. लोक देत नाहीत. मग मी देते.

कंपनीवाली : कधीपासून?

ठिणगी : ताप आला तेव्हापासून. बाबांना ताप आला, मुक्काम ठोकून बसला, आणि जाताना कान घेऊन गेला. आई त्याच्या आधीच गेलेली. मी आठवीत होते. पहिले काही दिवस शाळा सुटली की येऊन बसायचे इथं. एकदा आले तर समोर तीन गिऱ्हाइकं बोंबलतायत, आणि बाबा तिघांकडे बघून मान हलवतायत. हो हो. हो हो. तिघांनाही हो. दुसऱ्या दिवशी दप्तर उचललंच नाही मी.

कंपनीवाली : काका काही बोलले नाहीत?

ठिणगी : बोलले की. दोन दिवस जेवले नाहीत माझ्याबरोबर. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी येऊन एका तिजोरीचं विचारलं, ते मीच बाबांना ओठांनी समजावलं. मग जेवले. आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय मिळतं यातनं?

कंपनीवाली : मला?

ठिणगी : कंपनीला. एवढा महागाचा फोन फुकट आणून द्यायचा, दिवसभर स्टुलावर बसून धूळ खायची. कशासाठी? आमच्या बाबांचं तुम्हाला एवढं काय?

कंपनीवाली : आमची कंपनी असं मानते की तंत्रज्ञान हे प्रत्येकापर्यंत...

ठिणगी : ते खोक्यावर छापलंय. वाचलंय मी. शाळा सोडली म्हणून वाचता येत नाही असं नाही.

कंपनीवाली : बरं. मग खोक्यावर नसलेलं सांगते. एक तर कायदा आहे. बऱ्याच ठिकाणी सरकारी कचेऱ्या, शाळा, दवाखाने अशी सोय नसलेली वस्तू विकतच घेत नाहीत.

ठिणगी : म्हणजे छडीच्या भीतीनं.

कंपनीवाली : थोडंफार. दुसरं, घरात एका माणसाला फोन वापरता आला नाही, की अख्खं घर दुसऱ्या कंपनीकडे जातं. मुलगा, सून, नातवंडं, सगळी.

ठिणगी : हे पटलं. बाबापण गंजलेल्या कुलपाची किल्ली जीव तोडून करून देतात. सुटत काही नाही त्यात. पण तो माणूस नव्या घराची कुलपं घ्यायला आपल्याच दारात येतो.

कंपनीवाली : तसंच. आणि ही अशी अक्षरं सगळ्यात जास्त कोण वापरतं, माहितीये? चांगलं ऐकू येणारी माणसं. कुणाचं बाळ नुकतं झोपलेलं असतं. कुणी गोंगाटात अडकलेलं असतं. कुणाला समोरच्याची भाषा धड येत नसते.

ठिणगी : म्हणजे चूल पेटवायची बाबांच्या नावानं आणि जेवायला अख्खं गाव.

कंपनीवाली : काकाही त्याच पंक्तीत जेवतायत ना पण? आणि आज ना उद्या मीही असेन. कान काही कुणाचे शेवटपर्यंत शाबूत राहत नाहीत. आजची तरुण गिऱ्हाइकंच उद्या म्हातारी होणार, हे कंपनीला चांगलं कळतं.

ठिणगी : आणि आमचंच दुकान का? चकाचक ऑफिसं संपली?

कंपनीवाली : शांत खोलीत हा फोन हुशार असतो गं. तिथं सगळे एकेक करून, नीट बोलतात. इथं मशीन आहे, रस्ता आहे, लोक घाईत तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. इथं जमलं त्याला, तर कुठंही जमेल.

ठिणगी : म्हणजे बाबा नकोयत तुम्हाला. आमचा गोंगाट हवाय.

कंपनीवाली : दोन्ही हवंय. खोटं नाही सांगत.

ठिणगी : आणि तुम्हाला? कंपनी गेली उडत. तुमचं काय अडलंय?

कंपनीवाली : माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा. लहानपणापासून ऐकू न येणारा. कामात एकदम वस्ताद. चहाच्या वेळी आम्ही सगळे हसलो की तोही हसायचा. आम्हाला वाटायचं, कळतंय त्याला. एक दिवस आमचे साहेब आले आणि म्हणाले, अमक्याची आई गेली. एका नव्या पोरानं गांगरून दात काढले. होतं ना असं, घाबरल्यावर? याला वाटलं, विनोद झाला.

ठिणगी : आणि हा हसला.

कंपनीवाली : सगळ्यात मोठ्यांदा. एकटाच.

ठिणगी : मग? सोडली नोकरी?

कंपनीवाली : नोकरी नाही सोडली, हसणं सोडलं. आणि साहेबांच्या मागे लागला. वर्षभर लागला होता. ही अक्षरं त्याच्यापासून सुरू झाली. मघाशी सांगितलं ते कायदा, गिऱ्हाईक, सगळं त्यानं नंतर शोधून काढलं. त्याशिवाय वरचे लोक सही करत नाहीत म्हणून.

ठिणगी : आता हसतो?

कंपनीवाली : हसतो. आमच्यापेक्षा जरासा उशिरा. आधी आपण बोलणार, मग अक्षर उमटणार, मग ते वाचणार. तेवढा वेळ जातोच.

ठिणगी : थांबा थांबा. म्हणजे मघाशी बाबाही उशिरा हसले.

कंपनीवाली : किंचित.

ठिणगी : तुम्ही म्हणालात, अगदी वेळेवर.

कंपनीवाली : हो... म्हणाले खरी.

ठिणगी : मग माझ्यावर कशाला डोळे वटारताय?

कंपनीवाली : बरं बाई. फिटलं आपलं. पण तुला हलकं वाटत नाही का? मोकळी झालीस तू. शाळेत जाता येईल. काका आता गिऱ्हाइकाशी स्वतः बोलतील, बँकेत स्वतः जातील. फोनवरचं बोलणंसुद्धा...

ठिणगी : फोनवरचं?

कंपनीवाली : पलीकडचा माणूस बोलला की तेही उमटतं. सकाळी तू चहा सांगायला गेलीस ना, तेव्हा सुरू करून दिलं त्यांना. किती खूष झाले! म्हणाले, आज रविवार, संध्याकाळी आम्ही थोरल्याला फोन लावतो. दर वेळी पोरीच्या तोंडून ऐकतो, आज पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलेन.

ठिणगी : ते बंद करा.

कंपनीवाली : काय?

ठिणगी : तेवढं एक बंद करा. दुकानातलं राहू द्या. बहिरोबा म्हणू दे, आणखी काही म्हणू दे, मी बघून घेईन. फोनचं बंद करा.

कंपनीवाली : अगं पण का?

ठिणगी : दादा फोन उचलत नाही.

कंपनीवाली : आज उचलणार नाही, असं म्हणतेस?

ठिणगी : कधीच नाही उचलत. पहिल्यांदा उचलायचा. "बाबांना ऐकू येत नाही तर बोलून उपयोग काय" म्हणायचा. मग माझ्यावर घसरायचा, शाळा सोडलीस, डोक्यावर पडलीस, आयुष्याची माती केलीस. मग मीही काहीतरी फाडफाड बोलायचे. मग उचलायचाच बंद झाला.

कंपनीवाली : पण काका म्हणाले, दर रविवारी...

ठिणगी : दर रविवारी मी फोन लावते. तिकडे रिंग वाजत असते. आणि मी बोलत असते. "हं दादा. हो दादा. थांब, सांगते त्यांना." मग बाबांकडे वळून सांगते, दादा विचारतोय गुडघा कसा आहे. दादा म्हणतोय जिना सावकाश चढा. बाबा माझ्या ओठांकडे बघत बसलेले असतात, लहान पोरासारखे. आज त्या फोनवर काय उमटणार? सांगा ना. रिंगची काय अक्षरं करतो तुमचा फोन?

कंपनीवाली : नुसतं "वाजत आहे" असं येतं.

ठिणगी : झालं तर मग.

कंपनीवाली : मी नाही बंद करू शकत. फोन त्यांचा आहे, चालू त्यांनी केलंय. त्यांना न विचारता मी हात लावला तर मी कसली...

ठिणगी : मग द्या माझ्याकडे. मी हात लावते. पडला हातातनं, फुटला, संपलं.

कंपनीवाली : असं करू नकोस. तू... ठिणगी.

ठिणगी : काय ठिणगी ठिणगी?

कंपनीवाली : मशीन कधी बंद झालं?

ठिणगी : ... बाबा? ओ बाबा, इकडे बघा माझ्याकडे. झाली किल्ली?

बाबा : झाली. दाते कानशीनं जरा साफ करत होतो. मॅडम, निघालात? पुढच्या खेपेला या नक्की. यंत्र चांगलं आहे तुमचं. मी ठेवतो.

(त्याच संध्याकाळी, दुकानामागची खोली. फोन टेबलावर तांब्याला टेकवून उभा केलेला.)

ठिणगी : बाबा, आज नको लावायला. दादा कामात असेल.

बाबा : रविवारी?

ठिणगी : मग झोपला असेल. आणि तुमच्या फोनला चार्जिंग नाही.

बाबा : भरपूर आहे. चार्जर तू पिठाच्या डब्यामागे ठेवलास, तिथनं काढून केलं मी.

ठिणगी : मग मी बोलते नेहमीसारखी. तुम्हाला ते बटण-बिटण...

बाबा : ठिणगे. बस खाली.

ठिणगी : नाही बसत.

बाबा : मॅडमही विसरल्या बघ. एवढ्या शिकलेल्या, हेच काम करतात, पण माझी पाठ बघितली आणि मशीन थांबलं की फोन ऐकतो हेच विसरल्या. तुझं मी समजू शकतो. तुला सवयच आहे माझ्या पाठीमागे बोलायची.

ठिणगी : कुठपासून वाचलंत?

बाबा : त्यांच्या त्या हसणाऱ्या माणसापासून.

ठिणगी : म्हणजे सगळंच.

बाबा : टोपीवाल्याचं राहिलं असेल, तर ते तू आत्ता सांग. सकाळी तो येऊन गेला, पण फोनवर काहीच उमटलं नव्हतं.

ठिणगी : तो कधीच काही बोललेला नाही.

बाबा : कधीच?

ठिणगी : मुका आहे की माणूसघाणा, देवाला ठाऊक.

बाबा : अगं, मी त्याला दोनदा फुकट किल्ली करून दिली! एकदा तर मिठी मारली होती!

ठिणगी : माहितीये. भ्याला होता तो. पुढचे काही दिवस रस्ता बदलून जायचा.

बाबा : आणि मी इतकी वर्षं समजत होतो, या रस्त्यावर मला मान आहे. सकाळपासून बघतोय काय उमटतंय ते. किती वेळ. अजून नाही झालं? लवकर करा. सुटे नाहीत. बस. दुसरं काहीच बोलत नाहीत गं लोक.

ठिणगी : आधी तरी काय बोलायचे? तुमचे कान चांगले होते तेव्हाही हेच बोलायचे. तेव्हा तुम्ही लक्ष देत नव्हता.

बाबा : असेल. आणि दादानं पाठवलेलं ते तेल? गुडघ्याचं?

ठिणगी : कसलं तेल?

बाबा : माझ्याकडे तोंड करून बोल. मी फोनकडे बघणार नाही.

ठिणगी : मी आणलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून. दादानं पाठवलं म्हणाले, कारण मी आणलेली गोष्ट तुम्ही कपाटात ठेवून देता.

बाबा : मी तुला बोललो होतो त्या दिवशी.

ठिणगी : आठवत नाही मला.

बाबा : मला आठवतंय. तू काहीतरी उद्धट बोललीस आणि मी म्हणालो, बघ, तो इतक्या लांब राहून त्याला माझा गुडघा आठवतो, आणि तू चोवीस तास समोर असून तुला बापाची किंमत नाही. बाटली हातात होती माझ्या.

ठिणगी : हो. म्हणालात.

बाबा : तेव्हा तरी सांगायचंस.

ठिणगी : मग तेल लावणं बंद केलं असतंत.

बाबा : एवढं मोठं बोलणं गिळलंस? तू? तुला कुणी जरा 'ए' म्हटलं तर तू दहा वाक्यं ऐकवतेस.

ठिणगी : नंतर मागच्या गल्लीत जाऊन पत्र्याला लाथा घातल्या. तुम्हाला कुठं ऐकू येणार होतं? आता काय करताय? ओरडायचं तर ओरडा. पण असं थंड बोलू नका, डोकं फिरतं माझं.

बाबा : ओरडत नाही. फोन लावतोय.

ठिणगी : कशाला? सगळं वाचलंत ना? अजून काय बघायचंय, नुसती रिंग? कौतुक करत बसायचं त्या फोनचं? चांगलं आहे तुमचं. तुम्हाला नवे कान मिळाले. मॅडम म्हणाल्या, तू मोकळी झालीस. मोकळी म्हणजे काय हो? कुठं जाऊ मी? माझ्या वर्गातल्या पोरी कॉलेजात गेल्या. परवा एक आली किल्ली करायला, ओळखलंसुद्धा नाही मला. म्हणाली, "ताई, किती वेळ लागेल?" ताई! एका बाकावर बसायचो आम्ही.

बाबा : सावकाश बोल. ओठ दिसत नाहीत.

ठिणगी : माझ्याशी कुणी बोलत नाही बाबा. लोक तुमच्याशी बोलतात, माझ्या तोंडातनं. उद्यापासून ते त्या फोनकडे बघून बोलणार. मग मी काय करू? किल्ल्यांना दोरे बांधत बसू? मला दुसरं काही येत नाही. हीच नोकरी होती माझी.

बाबा : शाळेत जाता येईल, असं त्या म्हणाल्या.

ठिणगी : आठवीच्या पोरांत? या घोड्याला?

बाबा : खाजगीनं बसतात परीक्षेला. चौकशी करू.

ठिणगी : करा. तुम्हीच करा. तुम्हाला काय, आता सगळं येतं. अक्षरं उमटतात.

बाबा : उमटतात. बघ, उमटलं. "वाजत आहे."

ठिणगी : बाबा, लावलात खरंच? ठेवा तो.

बाबा : थांब जरा.

ठिणगी : किती वेळ वाजू देणार? मला ऐकू येतंय ना इथं. तुम्हाला नुसतं लिहिलेलं दिसतं, मला ऐकावं लागतं ते. दर रविवारी ऐकते मी. ठेवा म्हणते ना!

बाबा : हं. हॅलो. बोल रे.

ठिणगी : ... उचलला?

बाबा : हो हो, मीच बोलतोय. आज म्हटलं, आपणच लावावा.

ठिणगी : बाबा, वाजतोय अजून. कुणी उचललेला नाही. तिकडे कुणी नाहीये.

बाबा : तू बोलायचीस तेव्हा होतं कुणी? गप्प बैस जरा. मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालू नये. ... हं, बोल. नाही रे, ती आपली ठिणगी. हो, तशीच आहे. मघाशी घोडा म्हणाली स्वतःला. मी काही म्हटलं नाही.

ठिणगी : ओ!

बाबा : गुडघा बरा आहे. तेल लावतो की रोज. संपत आलंय, सांगेन तिला. तीच आणते. ... हो रे. मला माहीत नव्हतं.

ठिणगी : बाबा. बंद झाली रिंग. कटला तो.

बाबा : नाही, दुकान ठीक. फोन आलाय एक नवा, बोललेलं लिहून दाखवतो. चांगला आहे. पण त्याला कुत्र्यांचं जमत नाही, आणि गुडघ्याचंही कधी विचारत नाही. तेवढ्यासाठी माणूस लागतंच दुकानात. ... काय म्हणालास? थांब, सांगतो तिला. ठिणगे, इकडे बघ. माझ्या तोंडाकडे बघ.

ठिणगी : बघतेय.

बाबा : दादा विचारतोय, पोरगी जेवली का सकाळपासून काही.

ठिणगी : ... सांगा त्याला, अजून नाही. बाबांचा फोन झाला की बसतोय म्हणावं, दोघं.